हातमोजे घालून भरवलेली लापशी

मी एक जुना लाकडी चेहरा आहे, मित्रांनो. मुखवटा म्हणू नका. आम्ही अमेरिकेतले मूळचे सेनेका लोक, आमच्या बोलीत मला नुसतं ‘चेहरा’ म्हणतात, आणि घरातले ‘आजोबा’. ‘खोटा चेहरा’ हे नाव परक्यांनी ठेवलं. खोटं कोण निघालं ते ऐकाच.

उभ्या, जिवंत झाडाच्या बुंध्यातच मला कोरलं. आधी झाडाला तंबाखू वाहून विचारलं. सकाळी कोरायला घेतलं म्हणून माझा रंग लाल; दुपारी घेतलं असतं तर काळा. नाक वाकडं, तोंड वाकडं, पण आजाऱ्याला मी दिसलो की धीर येई. मला तोंडावर चढवून आमचे लोक त्याच्या घरी जात, हातात गरम राख घेऊन त्याच्यावर फुंकत. त्यापुढचं सांगणार नाही. तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय? काम झालं की मला मक्याची लापशी भरवत, सूर्यफुलाचं तेल चोळत आणि फडक्यात गुंडाळून ठेवत.

मग एका हिवाळ्यात घरचे सगळे मयताला गेले असताना एका गोडबोल्या पाहुण्याने मला पोत्यात घातलं. तिथून थेट शहरातलं संग्रहालय. काचेच्या पेटीत, दिव्याखाली, तोंड गर्दीकडे. शाळेची पोरं मला बघून जिभा काढायची. घासभर लापशी कुणी दिली नाही. कीड लागू नये म्हणून पांढरी पूड मात्र वरचेवर चोळली. याला ते जपणं म्हणत.

व्हर्ना आमच्या कुळाची आई. कुळात तिचाच शब्द शेवटचा. मला परत मागता मागता ती म्हातारी झाली, तेव्हा कुठे मला सोडलं. येत्या वसंतात तिचा भाऊ डेलमर मला चढवून घरोघर जाणार होता. मी घरी पोचलो तेव्हा लापशी तयार होती. व्हर्नाने माझ्या ओठांकडे बोट नेलं, तोच सोबत आलेला संग्रहालयाचा माणूस म्हणाला, “बाई, आधी हातमोजे घाला.”

“घरच्या माणसाला हातमोजे घालून भरवू?” व्हर्ना म्हणाली. “तुझ्या आईला तू असाच वाढतोस का रे?”

तो खाली बघत पुटपुटला, की कीड मारायच्या त्या पुडीत सोमल होता, जहाल विष. लाकडात मुरलाय, आता निघायचा नाही. तोंडावर चढवलात तर श्वासातून अंगात भिनेल.

डेलमरने पुढे केलेले हात मागे घेतले. “म्हणजे आजारी बरा होईल आणि मी मरेन,” तो म्हणाला. “ताई, हसू का रडू?”

“दोन्ही नको. झाड शोध,” ती म्हणाली. “नवा चेहरा कोर. माणसं आजारी पडायची थांबलीत का?”

मग तिने हातमोजे चढवले आणि मला लापशी भरवली. रबराचा वास आला. तिच्या बोटांची ऊब लागली नाही. ज्याने गावाचं दुखणं घालवलं, त्यालाच यांनी दुखणं करून घरी पाठवलं.

मित्रांनो, काचेआड कुणाच्या घरचे आजोबा दिसले, तर ‘किती छान जपलंय’ असं म्हणू नका. तिथल्या साहेबांना विचारा, उद्या यांच्या नातवंडांनी यांना उघड्या हाताने जवळ घेतलं, तर चालेल का?