तिसऱ्या धुनेमधली जागा

"बाबा, इथे सूर मधेच तुटतोय. कापून जोडून टाकते."

"हात लावू नकोस!" ते इतक्या चटकन ओरडले की लेकीने माउसवरचा हात उचलला.

कवळ्या करण्यात त्यांचा जन्म गेला होता. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आमचं मात्र दातांवरच भरलं, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. संध्याकाळी हाताला लागलेलं प्लास्टर धुतलं की ते सिंथेसायझरपाशी बसत. ती शेजारी भाजी निवडत बसे आणि तिच्या तोंडाचा पट्टा चालू राही. एकाचं दुसऱ्यावाचून कधी अडलं नाही, पण एकमेकांशिवाय दोघांनाही करमत नसे.

ती गेल्या वर्षी गेली. अशा संध्याकाळी वाजवून ध्वनिमुद्रित केलेल्या धुना निवडून बाबांचा पहिला अल्बम काढायचं लेकीने मनावर घेतलं, तेव्हा ते लगेच तयार झाले. लेकीला वाटलं, हौस. त्यांना हवा होता बायकोचा आवाज. एवढी बडबड, त्यातलं एखादं वाक्य तरी सापडेलच! हेडफोन लावून त्यांनी सगळं ऐकून काढलं. सूर स्वच्छ होते, गोडही होते. ती कुठेच नव्हती. आता त्यांनी हे लेकीला सांगितलं.

"असणार कशी, बाबा? वायर थेट कॉम्प्युटरला होती. खोलीतलं काही येतच नाही त्यात."

"मीच म्हणालो होतो, माइक नको. हिची टकळी येईल." ते हसायला गेले, पण जमलं नाही.

लेकीने पडद्यावर सूर तुटला होता तिथे बोट ठेवलं. "मग इथे काय आहे?"

"इथे तिने स्वयंपाकघरातून हाक मारली. वरचा डबा काढून द्या म्हणाली. मी तसाच उठलो."

लेकीने ती जागा पुन्हा लावली. सूर चढत गेला आणि थांबला. बऱ्याच वेळाने तो थांबला होता तिथूनच पुढे निघाला.

"लोक म्हणतील, बिघडलंय."

"म्हणू देत."

अल्बम आला त्या दुपारी शेजारपाजारचे ऐकायला जमले. तिसरी धून चढत गेली आणि थांबली. शेजारीणबाई स्पीकरची वायर हलवून बघायला निघाल्या, तशी लेकीने त्यांना हाताने थांबवलं.

ते मात्र कोणाकडेच बघत नव्हते. खुर्चीच्या हातांवर भार देऊन ते अर्धे उठले होते.