दोनदा नाही म्हणायची रीत

आमच्या लेखक मंडळात अध्यक्ष निवडायची जुनी रीत आहे. नाव सुचवलं की त्या माणसाने दोनदा नाही म्हणायचं, मग सगळ्यांनी गळ घालायची, आणि त्याने नाइलाज झाल्यासारखं खुर्चीत बसायचं.

कादंबरीकार बारा वर्षं त्या खुर्चीकडे डोळे लावून होते. यंदा त्यांचं नाव निघालं. अध्यक्षीय भाषणाचे बेचाळीस कागद कोटाच्या खिशातून डोकावत असताना ते हात जोडून उठले.

"अहो, मी साधा लिहिणारा माणूस. माझी ती पात्रता नाही."

समोर कवी बसले होते. त्यांच्या कविता रिकामी जागा भरायला बऱ्या, असं कादंबरीकारांनी एकदा छापून आणलं होतं.

"पटलं," कवी म्हणाले. "चिटणीसबाई, लिहून घ्या."

चिटणीसबाई यंदाच आलेल्या. आधीची सगळी नोकरी कोर्टात, लघुलेखनाची. त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला.

"तसं नव्हे," कादंबरीकार म्हणाले. "सगळ्यांचा आग्रहच असेल तर..."

"तुमच्या शब्दाबाहेर कोण जाईल?"

"तुम्ही माझ्या विनयाचा गैरफायदा घेताय."

"विनय कसला? मी तुमच्या तीन कादंबऱ्या वाचल्यात."

"दोन. तिसरी विसाव्या पानावर खूण ठेवून परत केलीत."

"खूण नव्हती ती. तिथे झोप लागली."

वाद लांबेल म्हणून मी कवींचं नाव सुचवलं. कवी लाजले. चाळीस वर्षांची सवय. डोक्याआधी जीभ हलली.

"छे, छे. माझ्यासारखा किरकोळ माणूस..."

"किरकोळ," चिटणीसबाई लिहिता लिहिता पुटपुटल्या. "पुढे?"

"पटलं," कादंबरीकार म्हणाले.

शेवटी ग्रंथपालबाईंना विचारलं. त्यांच्या नावावर मुलांच्या गोष्टींचं एकच पुस्तक. "होते की," त्या म्हणाल्या. "किती वाजता यायचं?" त्यांना रीत कुणी सांगितलीच नव्हती.

उठताना कवींच्या पिशवीतूनही भाषण घसरलं. मुक्तछंदात होतं, म्हणून जरा जाडच.

आठवड्याभरात दोघांनी मला वेगवेगळं गाठलं. पुढच्या वर्षी पहिल्या नकारालाच गळ घालायची, आणि प्रतिस्पर्ध्याला तोंड उघडू द्यायचं नाही, एवढंच काम. मी दोघांनाही म्हटलं, एवढ्या मोठ्या कामाची माझी पात्रता नाही.

दोघांनाही ते लगेच पटलं.