मावशींचं सलाईन

सुनेने सलाईनची पिशवी कोमट पाण्याच्या भांड्यात सोडली आणि तेवढ्या आवाजाने मांजर टेबलावरून उडी मारून पलंगाखाली पसार झालं.

"झालं! आता काढ बाहेर समजूत घालून," शेजारीण म्हणाली. तिने दोन्ही बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या होत्या. "आणि खरं सांगू का, आज मला नको सांगूस धरायला. परवाचे ओरखडे अजून चुरचुरतायत. म्हातारी म्हणे! माझ्या अंगावर आली तेव्हा तर चांगली तरणीताठी होती."

ती हसतच आपल्या घरी गेली. सून बॅटरी घेऊन जमिनीवर पालथी पडली. पलंगाखाली, अगदी भिंतीच्या कोपऱ्यात, दोन हिरव्या काचा लकाकल्या आणि मिटल्या.

मावशी हे मांजराचं नाव. सुनेच्या आईने ते पाळलं होतं. आई गेली, माहेरच्या घराला कुलूप लागलं आणि मांजर टोपलीत बसून सासरी आलं. "माहेरचं कुणी कायमचं राहायला आलं म्हणजे ती मावशीच," एवढंच तेव्हा सासरे म्हणाले आणि नाव चिकटलं. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत सासऱ्यांनी मावशीला हात लावला नव्हता, आणि मावशीनेही त्यांना.

अलीकडे मावशी सारखी पाण्याच्या वाटीशी दिसू लागली होती. उचलली की हाताला हाडं लागायची. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि चष्मा कपाळावर सरकवून सांगितलं, "किडन्या थकल्यात हिच्या. पुन्हा तरण्या होणार नाहीत, पण त्यांचं काम आपण हलकं करू शकतो. दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचं. घरीच जमेल. फक्त दोघं लागतील. एकाने धरायचं, एकाने टोचायचं."

घरात दोघं होती खरी, सून आणि सासरे. नवरा जहाजावर इंजिन सांभाळायचा आणि वर्षातले बरेच महिने पाण्यावरच असायचा. पण सासऱ्यांना काही सांगायचं म्हणजे मोठंच काम होतं.

त्यांचं सलून घराच्या बरोबर खाली होतं. तिथे ते सकाळपासून अखंड बोलत. हवापाणी, आंतरराष्ट्रीय राजकारण, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन. मधूनच गिऱ्हाइकांच्या हसण्याचा गडगडाट फरशीतून वर यायचा. पण दुकान बंद करून वर येताना ते जिन्यातच कुठेतरी चपलांबरोबर आवाजही काढून ठेवत असावेत. घरात त्यांचे शब्द म्हणजे "आलो", "वाढ", "पुरे" आणि "झोपतो". सुरुवातीला सुनेला वाटायचं, आपलं काही चुकलं असेल. मग नवऱ्यानेच सांगितलं, "अगं, आई होती तेव्हा तिच्याशीपण असेच होते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

सून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. दुकानातलं बोलणं ऐन रंगात आलं होतं.

"बाबा," तिने हाक मारली, "जरा वर येता का? मावशीला धरायचंय."

खालचा आवाज थांबला. थोड्या वेळाने सासरे वर आले, खांद्यावर गिऱ्हाइकाला गुंडाळायचं पांढरं कापड तसंच.

"चावते?"

"ओरबाडते."

त्यांनी मान डोलावली. सुनेने माशाचा तुकडा दाखवून मावशीला बाहेर काढलं आणि टेबलावर ठेवलं. मावशी पळायचा विचार करतेय तोवर सासऱ्यांनी कापड फटकन झटकलं, तिच्या मानेभोवती लपेटलं, मागे चिमटा लावला. चारही पाय आत, नुसतं डोकं बाहेर. खुर्चीत बसवलेल्या माणसासारखी मावशी समोर बघत राहिली. सासऱ्यांनी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली आणि म्हणाले,

"बसा मावशी, निवांत बसा. मान जरा खाली. हां, अश्शी. मग, काय म्हणताय? बऱ्याच दिवसांनी येणं केलंत."

सुई हातात धरून सून तशीच थांबली. हा आवाज तिला फक्त फरशीतून माहीत होता.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात दात कोरताना तिचा हात कधी हलत नसे. पण मेण श्वास घेत नाही. मावशीच्या खांद्यांमधली सैल कातडी तिने डॉक्टरीणबाईंनी दाखवली तशी चिमटीत उचलली, आणि सुई कातडीशी नेऊन पुन्हा मागे घेतली.

"मावशी," सासरे मांजराच्या कानाशी म्हणाले, "बाई नवीन आहेत, पण हात हलका आहे त्यांचा. एकदाच टोचतील, बिनधास्त. भीत भीत लावला तर वस्तरापण कापतो."

सुनेने ओठ मिटले आणि सुई आत सरकवली. मावशीचा एक कान हलला, बस्स. पडद्याच्या दांडीला अडकवलेल्या पिशवीतून थेंब पडायला लागले.

सलाईन संपेपर्यंत सासऱ्यांची बडबड चालूच होती. खालचा चहावाला आता चहात वेलची घालतो की नुसती दाखवतो, यावर त्यांना शंका होती. कापड सोडलं तेव्हा मावशीच्या पाठीवर पाण्याचं चांगलं पोक आलं होतं. ते डुलवत ती खोलीभर चालली.

"उंटीण झाली की," सासरे म्हणाले. मग सून हसतेय हे बघून एकदम गप्प झाले, कापड खांद्यावर टाकून खाली गेले.

तेव्हापासून सलाईनच्या दिवशी दुकान बंद झालं की ते वर येऊन टेबलापाशी बसू लागले. मावशीलाही कापड ओळखीचं झालं. ते झटकल्याचा आवाज आला की ती पलंगाखालून स्वतःहून यायची, चेहरा मात्र उपकार केल्यासारखा. आणि त्या टेबलावर मावशीच्या कानात सासरे जे काय सांगायचे, ते ऐकून सुनेला नवल वाटायचं. लहानपणी त्यांना गायक व्हायचं होतं, पण पहिल्याच कार्यक्रमात उचकी लागली. मुलगा पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा निरोप द्यायला धक्क्यावर गेले आणि चुकीच्या जहाजाला हात हलवत बसले. एकदा ते म्हणाले,

"आमची ही काय म्हणायची माहितीय का मावशी? दुकानात सगळं बोलून येता, घरी उरलंसुरलंही आणत नाही." हनुवटीखालची बोटं खाजवत राहिली. "खरंच होतं तिचं. घरी आलं की सुचायचंच नाही. समोर आरसा नसला की मला बोलता येत नाही, काय करू?"

सून थेंब मोजल्यासारखी नळीकडे बघत राहिली. थोड्या वेळाने तीही मावशीकडे वाकली.

"मावशी, आज आमच्याकडे एका आजोबांची कवळी परत आली. म्हणे हसलं की शिट्टी वाजते."

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "मावशी, त्यांना म्हणावं, मग रडायचं काय त्यात? आमच्या दुकानात पाठवा. गाणं मी म्हणतो, शिट्टी त्यांची."

असं त्यांचं बोलणं सुरू झालं, मावशीच्या डोक्यावरून. सासऱ्यांनी मोरीतला नळ थोडा सैल करून ठेवला, कारण मावशीला वाटीपेक्षा थेंब थेंब पाणी जास्त आवडतं हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. औषधी खाणं मावशी तोंडात घेईना, तेव्हा ते मासा उकडलेल्या पाण्यात कालवायची युक्ती त्यांचीच. ते भरवतानाही त्यांचं चालूच असायचं, "घ्या, अजून एक घास. दाढीला आलात आणि फेसाला नाही म्हणताय?" मावशीच्या फासळ्या हळूहळू बुजायला लागल्या.

मग एकदा नवऱ्याचा फोन आला. आवाजात वारा आणि आनंद दोन्ही होते. त्याला बंदरावर, जमिनीवरची नोकरी मिळत होती. राहायला घर, तेही मोठं, खिडकीतून गोदी दिसेल असं. आता पाण्यावर जायचं नाही. ती कधी येते?

सुनेला इतका आनंद झाला की तिने फोन कानाला लावूनच घरभर दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला ती मोरीशी थांबली. नळाखाली मावशी जीभ लावून बसली होती.

"मावशीला नाही झेपायचा एवढा प्रवास," ती म्हणाली. "ती आहे तोवर तरी..."

"बरं," नवरा म्हणाला. "आणि बाबा?"

तिने उगाच नळ घट्ट केला, पुन्हा सैल केला. बाबांचं दुकान, बाबांची गिऱ्हाइकं, बाबांचा जिना. ते कुठे येणार? आणि खालून आवाज येत राहील नि वर कुणीच नसेल, हेही तिच्याने मनात आणवेना.

ती दोन सलाईनं गप्प राहिली. तिसऱ्या वेळी सुई टोचून झाल्यावर मावशीच्या कानाशी वाकली.

"मावशी, तुमच्या जावयाला बंदरावर नोकरी मिळालीय. तिकडे बोलावतोय. मी अजून कुणाला बोलले नाही."

सासऱ्यांची बोटं हनुवटीखाली तशीच होती. पण बोलणं थांबलं. थेंब पडत राहिले. खाली रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पिशवी संपली, सुनेने सुई काढली, तेव्हा कुठे सासरे म्हणाले, "मावशी, ऐकलंत ना? गोड बातमी आहे. तोंड पाडून नाही सांगायची."

आणि कापडाची घडी घालून ते झोपायला गेले.

त्यानंतर ते पूर्वीसारखेच बोलत राहिले, किंबहुना जास्तच. पण त्या विषयाला त्यांनी हात घातला नाही, तिलाही धीर झाला नाही. मावशीच्या खाण्यापिण्याकडे मात्र ते आता डोळ्यांत तेल घालून बघायचे. दुकानातून मध्येच वर येऊन वाटीत डोकावून जायचे. सून मनात म्हणायची, मावशी जितकी जगेल तितके दिवस आपण इथे, हे यांनी ताडलंय. आणि त्यांचा तिला राग येत नसे.

पुढच्या तपासणीच्या दिवशी लॅबमध्ये कामाची गर्दी होती. सासरे म्हणाले, "मी नेतो." टोपली काखेत धरून, रस्ताभर टोपलीशी गप्पा मारत ते गेले. सून परत आली तेव्हा मावशी कपाटावर चढून झोपली होती. कपाटावर! कित्येक महिन्यांत तिला तिथे चढता आलं नव्हतं. सासरे टेबलापाशी बसले होते, मांडीवर पांढऱ्या कापडाची घडी.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

त्यांनी वर कपाटाकडे बघितलं. मावशीचा एक पाय कडेवरून खाली लोंबत होता.

"मावशी, सांगा की तुम्हीच," ते म्हणाले. मावशीने डोळे उघडले नाहीत. सासरे थोडे खाकरले. "वजन वाढलंय म्हणाल्या. रक्तातलं ते जे काय वाढलं होतं, तेही उतरलंय. आता सलाईन आठवड्यातून एकदाच. आज नाही."

"अगंबाई!" सुनेने पिशवी खांद्यावरून काढायच्या आधी दोन्ही हात तोंडावर नेले.

"आणि प्रवासाचंही विचारलं मी. गाडीतून, टोपलीत, मध्ये मध्ये थांबवून पाणी पाजत नेलं, तर खुशाल न्या म्हणाल्या. बंदराची हवा मानवेलसुद्धा."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. हे त्यांना कुणी विचारायला सांगितलं नव्हतं. विचारून पोटात ठेवलं असतं, तरी कुणाला कळलं नसतं.

"बाबा, तुम्ही..."

ते कापडाच्या घडीची टोकं जुळवत होते. टेबलावर धरायला कुणी नव्हतं. वर मावशी घोरायला लागली होती. सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे आशेने बघितलं, मग नाइलाज झाल्यासारखी मान वळवली आणि सरळ सुनेच्या तोंडाकडे बघून म्हणाले,

"तिकडच्या लोकांचे केस वाढतात का गं?"

सुनेला आधी काही कळलंच नाही. मग तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली.

"वाढत असतील की बाबा," ती म्हणाली. "भराभरा वाढत असतील. खारा वारा आहे ना."

सासऱ्यांनी विचार केल्यासारखी मान हलवली.

"मग त्याला विचार," ते म्हणाले, "घर कितव्या मजल्यावर आहे. माझी दुकानातली खुर्ची फार जड आहे."