उलटा फिरलेला आकडा

बाळांनो, डोळे मिटा आणि रस्त्याकडेचं एक लोखंडी झाकण समोर आणा. झाकण उचललं की खाली पाण्याचं मीटर, काचेखाली काळे आकडे. पाणी वापरलं की आकडा पुढे सरकतो, मागे कधीच जात नाही. आता अशी रोज दीडशे झाकणं उचलणारा माणूस तिथे वाकलेला पाहा. बावीस वर्षं त्याने हेच केलं. एखाद्या घरचा आकडा मागच्या महिन्यापेक्षा कमी दिसला, तर अर्थ एकच: कुणीतरी लबाडी केली.

या मीटरवाल्याने चार वर्षं दर महिन्याला थोडे पैसे काढून पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले होते. शेअर म्हणजे कंपनीच्या मालकीचा लहानसा तुकडा. त्या कंपनीचे पाइप गळत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पैसे बायकोच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी होते, पुढच्या वर्षीच्या. भाव चढत होता. डबा खाताना तो मोबाइलवर भाव बघायचा, अगदी मीटर वाचावं तसा.

त्या दुपारी घास हातातच राहिला. वर्षभराची वाढ एका सकाळीत गेली होती. त्याने चष्मा पुसला, मोबाइल बंद करून परत चालू केला. आकडा आणखी खाली आला होता. लबाडी, दुसरं काय? त्याने अंगठा टेकवला आणि अर्धे शेअर विकून टाकले. मग डबा तसाच झाकून घरी आला.

बायको पाय स्टुलावर ठेवून बसली होती.

"अहो, इतक्या लवकर?"

"अर्धे विकले. आकडा मागे गेला. कुणीतरी काटा फिरवलाय."

"सगळे कपडे एकाच खुंटीवर टांगू नका, हे मी दोन वर्षं सांगतेय."

"तुझ्या गुडघ्यांचे पैसे होते ते."

"गुडघे कुठे पळून जात नाहीत. चालतच नाहीत, तर पळतील कसले?"

तो हसला नाही. खाली बसायचं असतं, हेही त्याला सुचत नव्हतं.

बारा वर्षांची लेक वही बाजूला ठेवून उठली. "बाबा, भाव आपल्याच कंपनीचा पडला की सगळ्यांचा?"

त्याने ते पाहिलंच नव्हतं. पाहिलं, तर पानभर लाल आकडे, म्हणजे सगळेच भाव पडलेले. "सगळा बाजारच पडलाय."

"मग चोर फारच मोठा असणार."

मीटर मागे जात नाही, कारण ते वाहून गेलेलं पाणी मोजतं. भाव मात्र माणसांची आशा आणि भीती मोजतो, म्हणून तो दोन्हीकडे जातो. वर्षभरात लागणारे पैसे शेअरमध्ये ठेवायचे नसतात, आणि सगळे एका कंपनीत तर नाहीच. हे त्याला पहिल्या महिन्यात कुणी सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

"उरलेलेही काढतो," तो म्हणाला. "अर्ध्या तासात बाजार बंद होईल."

"त्यांचे पाइप गळायला लागले का?" लेकीने विचारलं.

"छे."

"लोकांनी घ्यायचे बंद केले?"

"ते मला काय माहीत?"

"मग अर्धा तास थांबा ना, बाबा."

त्याने अंगठा काचेवरून उचलला. मोबाइल बायकोच्या मांडीवर उपडा ठेवला.

लेकीने चपला घातल्या आणि ती गल्लीच्या टोकाला धावली. तिथे नव्या नळांसाठी चर खणला होता. काठावर उकिडवी बसून, मान खाली घालून तिने चरातल्या माणसाला विचारलं, "काका, हे पाइप कोणत्या कंपनीचे? आणि पुढचे पण त्यांचेच घेणार का?"