नाटकातल्या खोलीतला सोफा

मित्रांनो, मी जुना सोफा आहे, हे माझ्याकडे बघताच कळतं. माझं हिरवं कापड विटलं आहे आणि मधली स्प्रिंग बसली आहे. माझी उमेदीची वर्षं लंडनच्या वेम्बली भागात सुहासिनीबाईंच्या घरी गेली. पाहुणे माझ्यावर बसून चहा पीत, माझं कौतुक करीत. मग नवा लेदरचा सेट आला आणि माझी रवानगी गॅरेजमध्ये झाली.

२००६ साली त्यांची मुलगी शिल्पा मला नाटकासाठी घेऊन गेली. ती कम्युनिटी सेंटरमध्ये हौशी नाटकं बसवायची. हे नाटक लंडनमधल्या एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाचं होतं. एकच खोली, अंथरुणाला खिळलेला बाप, राबणारी आई आणि शिकायला बाहेर पडू पाहणारी मुलगी. शेवटी आई म्हणते, "बस इथे." मुलगी बॅग खाली ठेवते, माझ्यावर बसते आणि पडदा पडतो.

आईचं काम मर्लिन करायची आणि मुलीचं तिचीच मुलगी, नेओमी. नेओमीला दूर स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला नर्सिंगसाठी प्रवेश मिळाला होता, पण मर्लिन तिला सोडायला तयार नव्हती. नवरा वारल्यापासून रिकाम्या घराची धास्ती वाटते, असं तिने शिल्पाला सांगितलं होतं. तालमीत "बस इथे" ऐकलं की नेओमी मुकाट्याने बसायची आणि तिची बोटं माझ्या कापडात रुतायची. भिंती प्लायवूडच्या होत्या, तरी ती दाराकडे अशी बघायची की मलाही कोंडल्यासारखं व्हायचं.

शेवटच्या प्रयोगाला तो प्रसंग आला आणि मर्लिन बोलेचना. आई वाक्य विसरली असं समजून नेओमीने बॅग खाली ठेवली आणि ती माझ्याकडे वळली. मर्लिनने ती बॅग उचलून पुन्हा तिच्या हातात दिली.

"बसू नकोस," ती म्हणाली. "जा, बाळा. मी राहीन एकटी."

नेओमीने आईचा हात गालाला लावला आणि दारातून निघून गेली. मर्लिन माझ्यावर बसली. विंगेत शिल्पा पडद्याची दोरी धरून तशीच उभी होती. बऱ्याच वेळाने तिने ती ओढली.

सप्टेंबरात नेओमी ग्लासगोला गेली. मी सेंटरच्या मागच्या बिनखिडकीच्या स्टोअररूममध्ये पडलो. वर चादर, बाहेरून कुलूप. हिवाळ्यात एकदा मर्लिन कपड्यांची पेटी शोधायला शिल्पाबरोबर आत आली आणि चादर बाजूला सारून माझ्यावर टेकली. नेओमी मजेत आहे, दर रविवारी फोन करते, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "आमचं घर म्हणजे एकच खोली, शिल्पा. पण आता केवढी मोठी वाटते."

शिल्पाने पेटी शोधणं थांबवलं आणि ती तिच्याशेजारी येऊन बसली.

मित्रांनो, ज्याला जायचं आहे त्याला अडवू नका. पण जो मागे राहतो, त्याच्याजवळ घडीभर बसा.