न धुतलेलं टोपरं

डबी कोरडी.

दवाखान्यानं दिलेली झाकणाची डबी, अंगावर बारीक निळ्या रेषा. परवा अपेक्षानं तीन रेषा भरल्या होत्या. काल एक. आज पहाटेपासून ती पदराआड बसून छाती दाबत होती, आणि डबीचा तळ तिच्याकडे टकमक पाहत होता.

सातला एसटी. तिचा नवरा शुभम रोज त्या गाडीनं डबी घेऊन रोहण्याहून वर्ध्याला जायचा. तिथं काचेच्या पेटीत त्यांची बारा दिवसांची पोर नळीनं दूध पीत होती. साडेसात महिन्यांतच आलेली. सव्वा किलोची. अपेक्षाला आठव्या दिवशी सुट्टी मिळाली, पोरीला नाही. पोटाच्या टाक्यांना एसटीचे धक्के सोसवत नव्हते, म्हणून आई इकडे, लेक तिकडे. डॉक्टरीणबाईनं बजावून ठेवलं होतं, वरचं दूध हिच्या कोवळ्या आतड्यांना झेपणार नाही. आईचंच आणा.

आईचंच.

काल सिस्टरनं शुभमला समजावलं आणि त्यानं ते लाजत, भिंतीकडे पाहत घरात सांगितलं. डोक्यातून दोन रस सुटतात म्हणे. एक दूध तयार करतो, दुसरा ते खाली सोडतो. बाई भ्याली की दुसरा अडतो. दूध आटलेलं नसतं, अडलेलं असतं. तिला म्हणा, भिऊ नको.

भिऊ नको म्हटल्यानं भेव जात असतं, तर राखणीला कोणी काठी नेली नसती.

सासूनं, धुरपतानं, ऐकलं आणि लगेच मान हलवली. चाळीस वर्षं ढोरांत काढलेली बाई. "म्हंजे पान्हा चोरून राह्यली," ती सहज बोलून गेली. अपेक्षाला चटका बसला. म्हणजे आपण म्हैस. वरून चोर.

त्याचा राग टोपऱ्यावर निघाला. शुभमनं पोरीचं टोपरं धुवायला घरी आणलं होतं, दोन दिवस झाले तरी ते दोरीवर दिसेना. शेण काढाले वेळ भेटते, नातीचं टोपरं धुवाले नाई, असं अपेक्षा बोलली. धुरपता कमरेशी पदर खोचत गोठ्याकडे निघून गेली.

साडेसहा.

अपेक्षा उठली. टाके ओढले. भिंत धरत धरत गोठ्यात गेली.

म्हशीचं दूधपितं वगार महिन्याभरापूर्वी मेलं होतं. तेव्हापासून म्हैस पान्हावत नव्हती. रोज सकाळी धुरपता तिला इंजेक्शन टोचायची, मग धार लागायची. औषधाला बंदी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक, आणि ते कोणत्या कोनाड्यात असतं हेही. शेजारच्या शोभाबाईनं नळावर सांगितलं होतं की बाळंतिणीला कळा याव्या म्हणून देतात ते हेच. मग माणसालाही चालतंच की.

शिशी सापडली. सुईही. म्हशीला किती, आणि म्हशीच्या मानानं आपल्याला किती? तिला उमगेना. सुई शिशीच्या तोंडात जाईना.

मागं धुरपताची बादली वाजली.

"काऊन वं, काय करून राह्यली?"

"मले टोचून द्या, आई." अपेक्षानं हात पुढं केला. "आज डबी रिकामी गेली तं पोरगी जाईन."

धुरपतानं तिच्या हातातून सुई काढून घेतली. मग शिशी.

"हे टोचतो तवा म्हशीचे डोये पाह्यले का तू कधी? पाय लटलट कापते तिचे. दूध येते, पण म्हैस येत नाई. अन् तुह्या पोटात तं अजून टाके हायेत."

तिनं शिशी पदरात गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. अपेक्षाला ते आज पहिल्यांदा दिसलं. म्हातारी आपल्याहून जास्त भ्यालेली आहे.

धुरपतानं तिला सरकीच्या पोत्यावर बसवलं. कमरेला खोचलेलं काहीतरी चाचपत बाहेर काढलं. चुरगळलेलं, मळकं, मुठीएवढं टोपरं.

"धुतलं नाई मी. धुतल्यावर त्यात लेकरू कुठं राह्यते? मले तं त्या काचेपाशी बी जाऊ देल्लं नाई. दोन दिस हेच हुंगून राह्यली."

अपेक्षानं टोपरं नाकाशी धरलं.

आधी स्पिरिट. फक्त स्पिरिट. मग त्याच्या खाली, लांब कुठंतरी, आंबूस, कोमट, ओल्या कापसासारखं काहीतरी.

पोर.

भेव गेलं नाही. ते तिथंच समोर उभं होतं, म्हशीएवढं. पण छातीत मुंग्या धावल्या, आणि तिनं दाबायच्या आधीच डबीत टप्प झालं. पुन्हा. एक रेष. धुरपता डबीकडे पाहत नव्हती, मुद्दाम तोंड फिरवून बसली होती. दुसरी रेष. तिसरीला जरा कमी.

शुभम अंगणातून ओरडला, गाडी फाट्यावर आली. त्यानं झाकण घट्ट लावलं आणि धूम ठोकली.

अपेक्षा दारापर्यंत आली. टोपऱ्याचा वास आत्ताच पातळ झाल्यासारखा वाटत होता. उद्या पुरेल का? ती होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडली, "आजचं टोपरं बी आणजा. अन् वाटंत कोणाले धुऊ देऊ नका."

गोठ्यात म्हैस हंबरली. तिची वेळ झाली होती. धुरपता एका हातात बादली, एका हातात शिशी घेऊन तिच्यापुढं उभीच होती. पेंढा भरून म्हशीपुढं ठेवतात ते वगाराचं कातडं मेल्या दिवशीच विकून टाकलं होतं.

"हिले काय हुंगाले देऊ मी?" ती म्हणाली.