बटणांच्या डब्यातले पडदे

ही तार, बटण शोधताना बोटाला टोचली ती, काढण्यापूर्वी आईला विचारायची रीत नव्हती का? बाप गेल्याला वर्ष झालं नाही तोच धाकट्याने पकड घेतली आणि बापाच्याच बास गिटारचे सगळे पडदे उपटले, कोंबडी सोलावी तसे. पडदे म्हणजे दांड्यावर आडव्या ठोकलेल्या या बोटभर धातूच्या तारा. राहिलेल्या फटींत भुसा नि गोंद भरला, घासून गुळगुळीत केलं, वर म्हणतो कसा, ‘आता ही मोकळी झाली.’ बापापासून मोकळी, असंच ना... केरातून तारा वेचल्या मी. बटणांच्या डब्यात टाकल्या.

शिवणयंत्रावर अर्धा शर्ट तसाच ठेवून तिने तार नखाने चाचपली. मध्ये खळगा होता. नवऱ्याचं बोट वर्षानुवर्षं तिथेच दाबत आलेलं. माणूस जाऊन एवढा खळगा उरला, आणि लेकाच्या लेखी तोही केर.

आतल्या खोलीत तो वाजवत होता. आधी गुरगुऱ्या. त्याच्या लाडक्या वादकांची नावं तिच्या जिभेला वळत नाहीत, म्हणून तिने स्वतःची ठेवली आणि आता घरात तीच चालतात. छेडायच्या तारा जिथे बांधलेल्या असतात तिथे, अगदी टोकाला छेडून त्यांना गुरगुरायला लावतो तो गुरगुऱ्या. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत, दाराबाहेर राहिल्यासारखं विव्हळतो तो मांजऱ्या. आणि एकच सूर लावून तो विझेपर्यंत दुसऱ्याला हात न लावणारा, तो मुका.

“मुकाच सगळ्यात अवघड, आई,” सकाळी चहा पिताना तो म्हणाला होता. “लपायला जागाच नाही. पडदे असले की काय, कुणाचंही बरोबर येतं.”

“कुणाचंही? म्हणजे तुझ्या बाबांचंसुद्धा?”

त्याने कप बशीत ठेवला. मग म्हणाला, “दुपारी त्या वाद्यवृंदाच्या लोकांना कळवायचंय. तू जमतंय म्हणालीस तर त्यांच्याबरोबर जाणार. नाहीतर राहतो, आपलं शिवणाचं दुकान बघतो.”

“मला रे काय कळतंय त्यातलं?”

“तुला कान आहे. आणि तुझ्याइतकं तोंडावर कुणी बोलत नाही. बाकीचे सगळे छान छानच म्हणतात.”

खरंच होतं ते. आजवर तिने कुणाला खोटं बरं म्हटलं नव्हतं. विहीणबाईंच्या तोंडावर त्यांची शिवण उसवून दाखवली होती... आणि यालाही लहानपणापासून, रडेपर्यंत, एकच ऐकवलं होतं: तुझ्या बाबांचा सूर कधी चुकत नाही.

आता मुका सुरू झाला. ती पुन्हा यंत्र चालवू लागली होती; पायाखालचा पायटा थांबला, तिने थांबवला नव्हता. एक सूर आला, जरासा खालून, वाट विचारत असल्यासारखा, आणि बसला. नेमका. कुठे बसायचं ते सांगणारी पडद्याची तार नव्हती, तरी बसला, आणि विझताना किंचित थरथरला, जिवंत माणसाचा हात थरथरावा तसा. हा थरथराट नवऱ्याच्या वाजवण्यात कधीच नव्हता. कसा असणार? त्याचं बोट जरा अलीकडे पडो, पलीकडे पडो, तार सांभाळून घ्यायची... मग मी आयुष्यभर चारचौघांत मिरवलं ते कुणाला? नवऱ्याला, की या डब्यातल्या लोखंडाला? हे मला कळायला नको होतं. या वयात तर नकोच. आणि ज्याने कळवलं तो बॅग भरून निघालाय, मी इथे या दोन नवऱ्यांच्यात बसू, डब्यात एक आणि भिंतीवरच्या फोटोत एक.

वाजणं थांबलं. तो दारात आला. मागे सूनबाई, हातात त्याचा इस्त्रीचा सदरा.

“आई, खरं सांगा हं,” सूनबाई म्हणाली.

“ती खरंच सांगते,” तो म्हणाला. हसलाही, शाळेत असताना निकाल दाखवायला यायचा तेव्हा हसायचा तसा.

तिने दोरा दातांनी तोडला. मुठीतली तार तळव्यात रुतत होती आणि ती मूठ आणखी आवळत होती. आपला आवाज कापेल असं तिला वाटलं होतं. तो जिथे पडायला हवा तिथे नेमका पडला, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

“नाही रे बसत. कानाला खुपतं. चार लोकांत जाऊन बापाचं नाव घालवशील, त्यापेक्षा बॅग माळ्यावर टाक आणि ही बटणं लावायला बस.”